आधी बांधकाम, मग अर्ज: इंग्लंडमधील घराच्या बाहेरील बदलांना मागाहून परवानगी मागताना

इंग्लंडमध्ये घर घेतल्यावर पुढच्या दाराशी पोर्च काढणे, विटांच्या दर्शनी भिंतीला गिलावा करून रंग देणे, पुढची बाग काढून दुसऱ्या गाडीसाठी फरसबंदी करणे अशी कामे आपल्यातली अनेक कुटुंबे हौसेने हाती घेतात. ‘याला परवानगी लागत नाही’ असे बिल्डर सांगतो, आपण त्यावर विसंबतो आणि काम संपून काही महिने लोटल्यावर कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, नियोजन विभागाचे पत्र येते. किंवा घर विकायला काढल्यावर खरेदीदाराचा सॉलिसिटर, म्हणजे वकील, परवानगीचा कागद मागतो. अशा वेळी जो अर्ज करावा लागतो त्याला तिकडे रेट्रोस्पेक्टिव्ह प्लॅनिंग ॲप्लिकेशन म्हणतात. झालेल्या कामाला मागाहून परवानगी देण्याचा कौन्सिलचा अधिकार १९९० च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्टच्या कलम ७३ए मध्ये आहे. पुढील माहिती केवळ इंग्लंडपुरती आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथील नियम व मुदती वेगळ्या आहेत.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने एक गोष्ट सुरुवातीलाच मनातून काढून टाकावी. दंड किंवा प्रशमन शुल्क भरून बांधकाम नियमित करून घेण्याची पद्धत आपल्या परिचयाची असते, त्यामुळे इथेही ‘किती भरावे लागतील’ हाच प्रश्न आधी सुचतो. इंग्लंडमध्ये परवानगीवाचून घराबाहेर बांधकाम करणे हा नियमभंग असला तरी सामान्य घराच्या बाबतीत तेवढ्याने गुन्हा होत नाही आणि मागाहून केलेल्या अर्जावर दंडही आकारला जात नाही. मात्र पैसे भरून सुटकाही होत नाही. हेच काम आज नव्याने करायचे असते तर नियोजनाच्या धोरणांनुसार त्याला परवानगी मिळाली असती का, एवढेच अधिकारी पाहतात. त्यामुळे झालेल्या खर्चाचे आकडे, बिल्डरने केलेली दिशाभूल किंवा नियम माहीत नसल्याची कबुली यांवर अर्जाचे पान भरण्यात अर्थ नाही. पान भरावे ते काम त्या रस्त्याला, शेजाऱ्याला आणि मूळ घराला कसे साजते हे दाखवण्यासाठी.

ऑक्सफर्डच्या हेडिंग्टन भागातील एका घराचे प्रकरण यासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. ९ ऑगस्ट १९८६ रोजी त्या घराच्या छपरात डोके खुपसलेला पंचवीस फुटी फायबरग्लासचा शार्क विनापरवाना उभा राहिला. शहर कौन्सिलने परवानगी नाकारली, प्रकरण अपिलात केंद्र सरकारपर्यंत गेले आणि १९९२ साली शार्कला परवानगी मिळाली. तो विनापरवाना बसवला होता याबद्दल कोणालाच शंका नव्हती. निर्णय झाला तो परिसराची त्याने हानी होते का, या प्रश्नावर.

अर्ज लिहायला बसण्यापूर्वी तो करण्याची गरज आहे का, हे पाहावे. घरमालकाला परवानगीवाचून करता येणाऱ्या कामांना परमिटेड डेव्हलपमेंट म्हणतात आणि त्यांच्या मर्यादा २०१५ च्या जनरल परमिटेड डेव्हलपमेंट ऑर्डरमध्ये दिल्या आहेत. पोर्चचे क्षेत्रफळ बाहेरून मोजून ३ चौरस मीटरपर्यंत आणि उंची ३ मीटरपर्यंत असेल, आणि रस्त्यालगतच्या हद्दीपासून तो २ मीटरच्या आत नसेल, तर परवानगी लागत नाही. रस्त्याला लागून असलेले कुंपण किंवा भिंत १ मीटरपर्यंत आणि इतरत्र २ मीटरपर्यंत चालते. घरापुढची फरसबंदी ५ चौरस मीटरहून मोठी असेल तर ती पाणी झिरपू देणारी असावी लागते किंवा तिच्यावरचे पाणी स्वतःच्याच आवारातील मातीत जिरावे लागते. मागच्या बाजूचे एकमजली एक्स्टेंशन सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने जोडलेल्या) किंवा ओळीतल्या घराला मागच्या भिंतीपासून ३ मीटर आणि स्वतंत्र घराला ४ मीटर लांबीपर्यंत करता येते. एक्स्टेंशनची ही लांबी दुप्पट, म्हणजे ६ किंवा ८ मीटरपर्यंत, नेण्यासाठी जी पूर्वसंमतीची पद्धत आहे ती काम झाल्यावर वापरता येत नाही. त्या वाढीव लांबीसाठी मग पूर्ण अर्जच करावा लागतो.

मोजमापे जमली म्हणून मात्र निश्चिंत होऊ नये. या सवलतीत बाहेरचे साहित्य मूळ घराच्या साहित्याशी दिसण्यात जुळते असावे अशी अट आहे, आणि लाल विटांच्या ओळीत एकाच घराला पांढरा गिलावा झाला की वाद नेमका तिथे उभा राहतो. कॉन्झर्व्हेशन एरियात, म्हणजे जतनासाठी राखलेल्या जुन्या परिसरात, गिलावा, दगडी किंवा लाकडी आवरण या सवलतीत बसतच नाही. फ्लॅटला घरमालकाच्या या सवलती लागू नाहीत. काही वसाहतींत मूळ परवानगीच्या अटींमध्येच, किंवा आर्टिकल ४ नावाच्या आदेशाने, त्या काढून घेतलेल्या असतात. नव्या वसाहतीत घर असेल तर मूळ परवानगीचे पत्र कौन्सिलच्या संकेतस्थळावरून शोधून त्यातली प्रत्येक अट वाचावी. हे वाचन कंटाळवाणे असते, पण एका संध्याकाळच्या वाचनाने शेकडो पौंड वाचू शकतात.

घर लिस्टेड, म्हणजे वारसा यादीतील असेल, तर हा लेख बाजूला ठेवून त्या विषयातील वकिलाकडे जावे. तिथे संमतीवाचून केलेला बदल हा मुळातच गुन्हा असतो, त्याला कालमर्यादा नसते आणि मागाहून मिळालेली संमती घडलेला गुन्हा पुसून टाकत नाही.

दुसरा विचार काळाचा. ठरावीक मुदतीत कौन्सिलने कारवाई केली नाही तर बांधकाम कारवाईपासून सुरक्षित होते. ही मुदत पूर्वी चार वर्षांची होती. २५ एप्रिल २०२४ पासून ती दहा वर्षे झाली. जे बांधकाम त्या तारखेच्या आधी बहुतांशी पूर्ण झाले होते त्याला मात्र चार वर्षांचाच नियम लागू राहतो. मुदत उलटली असेल तर परवानगी मागण्याऐवजी कायदेशीरपणाचा दाखला, म्हणजे लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट, मागावा. इथे काम चांगले दिसते की वाईट हा प्रश्नच नसतो. ते केव्हा पूर्ण झाले हे पुराव्याने दाखवावे लागते. बिल्डरची बिले, बँकेच्या नोंदी, तारखेसह छायाचित्रे, बांधकामाची सुरक्षितता तपासणाऱ्या बिल्डिंग कंट्रोल विभागाचा पूर्णत्वाचा दाखला, रस्त्यावरून घेतलेली गूगलची जुनी दृश्ये आणि शेजाऱ्याचे प्रतिज्ञापत्र यांनी ही साखळी जुळते. खोटी माहिती देणे गुन्हा आहे, आणि काम मुद्दाम लपवले असेल तर मुदतीचा आधारही सुटतो. सरे परगण्यातील एका शेतकऱ्याने गवताच्या गंज्यांआड घर बांधून ते चार वर्षे दडवून ठेवले होते. न्यायालयाने त्याला मुदतीचा लाभ दिला नाही आणि २०१६ साली ते घर पाडावे लागले.

सवलतही नाही आणि मुदतही उलटलेली नाही, असे ठरले की अर्जाकडे वळावे. अर्ज प्लॅनिंग पोर्टलवरून ऑनलाइन करता येतो आणि घरमालकांसाठीचा नेहमीचाच हाउसहोल्डर अर्ज वापरतात; काम सुरू झाले आहे का आणि कधी पूर्ण झाले, या प्रश्नांना खऱ्या तारखा द्याव्यात. घराभोवती लाल रेघ काढलेला १:१२५० प्रमाणाचा स्थळनकाशा, १:५०० किंवा १:२०० प्रमाणाचा आवाराचा नकाशा आणि १:१०० किंवा १:५० प्रमाणाची घराच्या बाजूंची रेखाटने लागतात. इथे बहुतेकांचे चुकते. बिल्डरने कामाआधी दिलेली रेखाटने तशीच जोडली जातात, आणि प्रत्यक्षात पोर्च वीस सेंटिमीटर रुंद झालेला असतो. परवानगी मिळते ती कागदावरच्या पोर्चला; दारापुढचा पोर्च विनापरवानाच राहतो. म्हणून झालेले काम फीत लावून नव्याने मोजून घ्यावे, त्यावरून रेखाटने करून घ्यावीत आणि पूर्वीचे घर कसे होते याची स्वतंत्र रेखाटने जोडावीत. त्यासाठी घर घेताना इस्टेट एजंटने काढलेली छायाचित्रे फार उपयोगी पडतात.

मालकीचे प्रमाणपत्रही विचार करून निवडावे. पाया किंवा पन्हळ शेजाऱ्याच्या हद्दीत थोडीशी जरी गेली असेल तरी सगळी जागा आपलीच असल्याचे ‘ए’ प्रमाणपत्र चुकीचे ठरते. शेजाऱ्याला रीतसर सूचना देऊन ‘बी’ भरावे लागते. घरात बदल किंवा वाढ करण्याच्या अर्जाचे शुल्क एप्रिल २०२५ मध्ये २५८ वरून ५२८ पौंड झाले. ते वेळोवेळी बदलते, शिवाय पोर्टलचे सेवाशुल्क वेगळे असते, म्हणून भरण्याच्या दिवशीचा आकडा पाहावा.

अर्जासोबत एक-दोन पानांचे निवेदन जोडावे असे माझे आग्रहाचे मत आहे. त्यात कौन्सिलच्या स्थानिक आराखड्यातील आणि घरांच्या वाढीव बांधकामाविषयीच्या मार्गदर्शिकेतील लागू कलमे घेऊन, आपले काम त्यांत कसे बसते हे सांगावे. त्याच रस्त्यावर तसेच काम परवानगीने झाले असेल तर त्या अर्जाचा क्रमांक द्यावा. नुसते ‘इतरांनीही केले आहे’ म्हटल्याने काही साधत नाही, कारण ती घरेही विनापरवाना असू शकतात. जिथे आपले काम कमी पडते तिथे सुधारणा आपणच सुचवावी: बाजूच्या वरच्या खिडकीला दुधी काच, गिलाव्याला सौम्य रंग, कुंपणाची उंची कमी. अधिकाऱ्याला सबंध काम नाकारण्यापेक्षा अटीसह मान्य करणे सोपे जावे, हा हेतू असतो.

अर्ज दाखल होण्यापूर्वी शेजाऱ्यांकडे स्वतः जावे. कौन्सिल त्यांना कळवते आणि हरकतींसाठी साधारण २१ दिवस देते. प्रकाश अडणे, खासगीपणा जाणे, बांधकाम अंगावर आल्यासारखे वाटणे या हरकतींना वजन असते; घराची किंमत उतरणे किंवा जुने भांडण यांना नसते. निर्णयाची मुदत आठ आठवड्यांची आहे. नकार आला तर हाउसहोल्डर अपिलासाठी बारा आठवडे मिळतात आणि अपिलाला शुल्क नाही. त्याच कामावर एन्फोर्समेंट नोटीस, म्हणजे काम काढून टाकण्याचा किंवा सुधारण्याचा आदेशही, निघाली असेल तर ही मुदत २८ दिवसांवर येऊ शकते.

कौन्सिलचे पत्र आधीच आले असेल तर ते खणात ठेवू नये. प्लॅनिंग कॉन्ट्राव्हेन्शन नोटीस, म्हणजे कामाची माहिती मागणारी नोटीस, असेल तर २१ दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. एन्फोर्समेंट नोटीस निघाल्यानंतर केलेला मागाहूनचा अर्ज विचारात घेण्यासच कौन्सिल नकार देऊ शकते, आणि त्या नोटिशीविरुद्धचे अपील ती लागू होण्याच्या तारखेआधीच पोहोचावे लागते. एप्रिल २०२४ पासूनच्या बदलाने आणखी एक दार अरुंद झाले आहे: आधी मागाहून परवानगीचा अर्ज करून झाला असेल, तर नंतरच्या नोटिशीवरील अपिलात ‘याला परवानगी मिळायला हवी’ हा मुद्दा बहुधा पुन्हा मांडता येत नाही. म्हणून पहिलाच अर्ज पूर्ण तयारीनिशी करावा. लागू झालेली नोटीस न पाळणे हा मात्र गुन्हा आहे आणि त्याच्या दंडाला कमाल मर्यादा नाही.

परवानगी मिळाली म्हणजे सर्व कागद पुरे झाले असे नसते. बांधकामाच्या सुरक्षिततेचे बिल्डिंग रेग्युलेशन्स वेगळे आहेत. ११ नोव्हेंबर १९८५ नंतरच्या कामासाठी कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलकडून रेग्युलरायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या कामाचा मागाहूनचा दाखला, मागता येते, पण त्यासाठी एखादी भिंत किंवा पाया उघडून दाखवावा लागू शकतो. सामायिक भिंतीचा १९९६ चा कायदा आणि विकासकाने विक्रीपत्रात घातलेल्या अटी हेही स्वतंत्रपणे तपासावे. घर लवकरच विकायचे असेल तर कौन्सिलशी बोलण्याआधी आपल्या सॉलिसिटरला विचारावे, कारण अशा त्रुटींसाठी मिळणारा विमा कौन्सिलशी संपर्क झाल्यावर सहसा मिळत नाही. परवानगी हाती आली की तिच्यातील अटींच्या तारखा दिनदर्शिकेत लिहून ठेवाव्यात. दुधी काच तीन महिन्यांत बसवा असे म्हटले असेल तर ती बसवून, छायाचित्र काढून, बिलासह परवानगीच्या पत्राला जोडून ठेवावे. घर विकताना खरेदीदाराचा सॉलिसिटर हेच कागद मागेल.