अवघड नोंदींना आयएफआरएस लावताना या चुका टाळा

एखादा गुंतागुंतीचा व्यवहार टेबलावर आला की पहिला प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: "हे 15 मध्ये बसतं की 16 मध्ये?" आयएफआरएस म्हणजे आर्थिक अहवालांची आंतरराष्ट्रीय मानकं; त्यातलं 15 महसुलाचं, 16 भाडेकरारांचं. हा प्रश्न ऐकला की मला धास्ती वाटते, कारण तोवर करार कुणी शेवटपर्यंत वाचलेला नसतो. वर शीर्षक असतं "सेवा करार". आत लिहिलेलं असतं की एक ठरावीक यंत्र पाच वर्षं फक्त आपल्यासाठी राखून ठेवायचं, ते कधी आणि किती चालवायचं हे आपण सांगायचं, आणि पुरवठादाराला ते बदलून दुसरं देता येणार नाही. मग तो आयएफआरएस 16 खालचा भाडेकरार झाला. शीर्षकाने त्यात काही फरक पडत नाही.

मानक समजलं नाही म्हणून झालेल्या चुका मी कमी पाहिल्या आहेत. वस्तुस्थिती अर्धीच हातात असताना योग्य मानक अगदी काटेकोरपणे लावलं, अशा चुका मात्र फार पाहिल्या. म्हणून खालच्या चुकांत जमेल तिथे मी हेही सांगतो की कागदांत कुठे पाहिलं तर ती सापडते.

नफा तोच राहतो म्हणून सोडून दिलेला प्रश्न

दुसऱ्याची वस्तू किंवा सेवा आपण ग्राहकाला 100 ला विकली आणि मूळ पुरवठादाराला 90 दिले. महसूल 100 दाखवायचा की 10? नफा दोन्हीकडे 10 च, म्हणून या प्रश्नावर पाच मिनिटंही खर्च होत नाहीत. पण उलाढाल दहापट बदलते. नफ्याची टक्केवारी बदलते, उलाढालीवर बांधलेले बोनस बदलतात.

इथली नेहमीची चूक म्हणजे "बिल आमच्या नावाने निघतं आणि पैसे बुडाले तर आमचे बुडतात, म्हणून आम्ही प्रिन्सिपल" हा युक्तिवाद. (प्रिन्सिपल म्हणजे स्वतः विकणारा, तो 100 दाखवतो; एजंट म्हणजे मध्यस्थ, तो 10 दाखवतो.) उधारीचा धोका हे आयएएस 18 मधलं, म्हणजे महसुलाच्या जुन्या मानकातलं, एक लक्षण होतं. आयएफआरएस 15 च्या लक्षणांत ते नाही. आता मूळ प्रश्न एकच आहे: ग्राहकाकडे जाण्याआधी त्या वस्तूचा किंवा सेवेचा ताबा आपल्याकडे होता का? ग्राहकाला मुख्यतः कोण जबाबदार, न विकलेल्या मालाचा धोका कुणाचा, किंमत कोण ठरवतं, ही तीन लक्षणं त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मदत करतात. तीनपैकी दोन जुळली म्हणून पास, असा हिशेब त्यात नाही.

सॉफ्टवेअर परवाने पुन्हा विकणाऱ्यांबद्दलचा असाच प्रश्न 2022 साली मानकांचा अर्थ स्पष्ट करणाऱ्या आयएफआरएस इंटरप्रिटेशन्स कमिटीपुढे गेला होता. कमिटीने विचार कसा करायचा ते सांगितलं, पण प्रिन्सिपल की एजंट हा निष्कर्ष त्या त्या करारातल्या अटींवर सोडला. तेव्हा "आमच्या धंद्यात सगळे पूर्ण रक्कमच (ग्रॉस) दाखवतात" हे तुमच्या फाइलमधलं कारण असेल, तर तिथे काम अजून सुरूच झालेलं नाही.

एकाच जागेची दोन वयं

भाडेकरारांची यादी आणि स्थिर मालमत्तेचं रजिस्टर शेजारी ठेवा. फार मोठ्या चुका अशा एका नजरेत सापडतात. यादीत कार्यालयाचा भाडेकरार 3 वर्षांचा असतो, कारण तेवढाच काळ तो रद्द करता येत नाही. रजिस्टरमध्ये त्याच कार्यालयातल्या फर्निचर, विभाजनं आणि वायरिंगचा घसारा 8 वर्षांवर लावलेला असतो, कारण आणखी 5 वर्षं मुदत वाढवण्याचा हक्क आपल्याकडे आहे. म्हणजे एका तक्त्यात आपण तिसऱ्या वर्षी जागा सोडणार आणि दुसऱ्या तक्त्यात आठव्या वर्षापर्यंत तिथेच बसणार.

फरक किरकोळ नसतो. वर्षाचं भाडं 12 लाख, वर्षअखेरीस देय, आणि कर्जाचा वाढीव दर (असंच कर्ज नव्याने घेतलं तर लागणारा दर) 9 टक्के धरा. 3 वर्षं घेतली तर भाडेदायित्व (पुढच्या भाड्यांचं आजचं मूल्य) साधारण 30.4 लाख येतं, 8 वर्षं घेतली तर 66.4 लाख. ताळेबंदातला आकडा दुपटीहून जास्त होतो, आणि हे सगळं "मुदत वाढवली जाण्याची वाजवी खात्री आहे का" या एका निर्णयावर अवलंबून असतं.

ही खात्री ठरवताना करारातला दंडच पाहिला जातो, ही दुसरी चूक. नोव्हेंबर 2019 मध्ये कमिटीने नेमकं याच मुद्द्यावर सांगितलं: करार मोडण्याची किंमत पाहताना फक्त घरमालकाला द्यायची रक्कम पाहू नका, सगळं आर्थिक नुकसान पाहा. आठ वर्षं टिकणारं काम तिसऱ्या वर्षी टाकून जावं लागणं हेही नुकसानच आहे. त्याच निर्णयात अशा कामांचं आयुष्य आणि भाडेकराराची मुदत यांचा मेळ घालण्याचाही विचार आहे. मला हा निर्णय फार आवडतो, कारण तो हिशेबनिसाला त्याच्या खुर्चीतून उठवून जागा प्रत्यक्ष पाहायला लावतो.

कर्जाच्या अटी बदलल्या आणि कुणी काही नोंदलंच नाही

बँकेशी बोलणी होऊन व्याजदर कमी झाला. हिशेबात काय करायचं? बहुतेक ठिकाणी 10 टक्क्यांची चाचणी (नव्या हप्त्यांचं आजचं मूल्य जुन्या हप्त्यांच्या आजच्या मूल्यापेक्षा 10 टक्के किंवा जास्त वेगळं आहे का) होते, फरक त्यापेक्षा कमी येतो, आणि "जुनंच कर्ज चालू आहे, काही नोंद नको" असं लिहून फाइल बंद होते. चाचणी बरोबर असते, पण काम तिथेच अर्धवट सुटतं.

आकड्यांत पाहू. कर्ज 100, मूळ स्थिर प्रभावी दर 10 टक्के, अजून 3 वर्षं बाकी. दर 9 टक्के केला, मुद्दल शेवटीच द्यायचं. नव्या हप्त्यांचं आजचं मूल्य जुन्याच 10 टक्के दराने काढलं की 97.51 येतं. फरक 2.49, म्हणजे 10 टक्क्यांच्या बराच आत. म्हणून जुनं कर्ज पुस्तकातून काढायचं नाही. पण आयएफआरएस 9 नुसार, म्हणजे कर्जासारख्या आर्थिक साधनांच्या मानकानुसार, त्याची रक्कम 97.51 वर आणायची आणि 2.49 चा फायदा त्याच दिवशी नफा-तोट्यात घ्यायचा. पुढे व्याज 10 टक्क्यांनीच लागतं: पहिल्या वर्षी 9.75, त्यातले 9 दिले जातात, उरलेले कर्जात मिळतात आणि तिसऱ्या वर्षाअखेर कर्ज पुन्हा 100 वर येतं. दर 9 करून पुढचं व्याज थेट 9 टक्क्यांनी काढणं हा आधीच्या मानकाच्या, आयएएस 39 च्या, काळात अनेकांनी वापरलेला मार्ग होता. तीच सवय 2018 नंतरही पुढे चालत आली.

एक खूण सांगतो. फेरबोलणीनंतरच्या काळात व्याजखर्च भागिले सरासरी कर्ज हा दर बरोबर नव्या कागदावरच्या दराइतका येत असेल, तर ही नोंद राहून गेली असण्याची शक्यता दाट आहे.

कर्जाचंच दुसरं दुखणं वर्गीकरणाचं. 31 डिसेंबरला वर्ष संपतं. त्या दिवशी कर्जातली एक अट मोडलेली आहे आणि त्यामुळे बँकेला पैसे परत मागता येतात. 20 जानेवारीला बँक माफीपत्र देते. हिशेब मार्चमध्ये मंजूर होतात. सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि कर्ज दीर्घ मुदतीतच राहतं. हे चूक आहे. परतफेड किमान बारा महिने पुढे ढकलण्याचा हक्क अहवालाच्या तारखेला हातात असावा लागतो. 20 जानेवारीचं पत्र 31 डिसेंबरला नव्हतं. म्हणून कर्ज चालू देण्यांत जातं आणि माफीची माहिती टिपेत येते. बँकेने वर्ष संपण्याआधीच किमान बारा महिन्यांची सवलत लिहून दिली असती, तर उत्तर वेगळं झालं असतं.

1 जानेवारी 2024 पासून लागू झालेल्या दुरुस्त्यांनी याची दुसरी बाजूही साफ केली. ज्या अटीची पूर्तता वर्ष संपल्यानंतरच्या तारखेला करायची आहे, ती आजचं वर्गीकरण बदलत नाही. पण ते कर्ज दीर्घ मुदतीचं दाखवलं असेल आणि बारा महिन्यांच्या आत अशी अट पाळायची असेल, तर धोका वाचकाला कळेल एवढी माहिती द्यावी लागते. व्यवस्थापनाचा इरादा यात मोजत नाहीत. "आम्ही लवकर फेडणारच नाही" हे वाक्य निष्कर्षातून काढून टाका.

ठराव झाला म्हणून तरतूद

संचालक मंडळाने 20 डिसेंबरला एक विभाग बंद करायचं ठरवलं. कर्मचाऱ्यांना जानेवारीत सांगितलं. डिसेंबरच्या हिशेबात पुनर्रचनेची तरतूद (पुढच्या खर्चासाठी आत्ताच नोंदवलेलं देणं) करता येत नाही, कारण तरतुदींच्या मानकाला, आयएएस 37 ला, तपशीलवार योजना लागते आणि ती होणार अशी रास्त अपेक्षा संबंधित लोकांत निर्माण झालेली असावी लागते. बंद खोलीतल्या ठरावाने ती होत नाही. घोषणा वेळेत झाली असेल तरी राहणाऱ्या कर्मचाऱ्यांचं नवं प्रशिक्षण, त्यांची बदली आणि पुढचे अपेक्षित तोटे त्या तरतुदीत घालू नका. ही रक्कम फुगवण्याचा मोह मोठा असतो, कारण वाईट वर्षात आणखी थोडं वाईट दाखवलं की पुढचं वर्ष उजळ दिसतं. लेखापरीक्षकाने तरतुदीची एकेक ओळ उलगडून मागितली तर त्याला त्रासदायक समजू नका.

किंमत की पगार

कंपनी विकत घेतली. 40 कोटी लगेच दिले, आणि संस्थापक तीन वर्षं कामावर राहिला तर आणखी 15 कोटी. खरेदी करारात याला "विलंबित मोबदला" म्हटलेलं असतं, म्हणून 55 कोटी किंमत धरून गुडविल (निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त दिलेली किंमत) काढलं जातं. नोकरी सोडल्यावर रक्कम आपोआप बुडत असेल, तर आयएफआरएस 3 नुसार, म्हणजे कंपनी खरेदीच्या मानकानुसार, ती खरेदीची किंमत नाही, अधिग्रहणानंतरच्या कामाचा मोबदला आहे. ती तीन वर्षांत, साधारण 5 कोटी दरवर्षी, खर्चात जाते आणि गुडविल 15 कोटींनी कमी होतं. यासाठी फक्त किंमतीचं कलम वाचून भागत नाही. ही अट कित्येकदा संस्थापकाच्या वेगळ्या नोकरी करारात असते. दोन्ही करार एकत्र मागवा.

सल्लागार आणि वकिलांची फी गुडविलमध्ये मिसळलेली दिसली तर तीही बाहेर काढा. ती खर्चच आहे.

येणी आणि क्लाउड सॉफ्टवेअर

येण्यांच्या तक्त्यात "मुदत न झालेली" या रांगेसमोर बुडिताचं प्रमाण शून्य टक्के दिसलं, तर थांबा. अपेक्षित बुडिताच्या पद्धतीत पैसे थकण्याची वाट पाहायची नसते, आणि मागच्या वर्षांचे दर पुढच्या परिस्थितीचा विचार न करता उतरवणंही पुरेसं नसतं.

क्लाउडवर वापरायच्या सॉफ्टवेअरची जुळवणी आणि फेरफार यांवरचा खर्च अमूर्त मालमत्ता म्हणून ताळेबंदात बसला असेल, तर 2021 चा कमिटीचा अजेंडा डिसिजन (स्पष्टीकरणाचा निर्णय) काढून वाचा. सॉफ्टवेअर पुरवठादाराच्याच ताब्यात असेल, तर अशा खर्चातून आपल्या ताब्यातली वेगळी मालमत्ता बहुतेक वेळा तयार होत नाही. मग तो खर्च सेवा मिळेल तसा नफा-तोट्यात जातो.

मानकात उत्तर नाही म्हणून थेट दुसऱ्या देशाच्या नियमांकडे

अशा वेळी आयएएस 8 (हिशेब धोरणं आणि चुकांचं मानक) मधला क्रम पाळा. आधी सारख्या प्रश्नांवरची आयएफआरएसमधलीच मानकं, मग संकल्पनात्मक चौकटीतल्या (मानकांमागच्या मूळ तत्त्वांच्या दस्तऐवजातल्या) व्याख्या आणि निकष. इतर मानक मंडळांचे अलीकडचे नियम त्यांच्या नंतर, आणि तेही आधीच्या दोन्हींशी विसंगत नसतील तरच. अजेंडा डिसिजन नवे नियम करत नाहीत. ते असलेल्या मानकांचं स्पष्टीकरण करतात, म्हणूनच "ते सक्तीचे नाहीत" असं म्हणून बाजूला सारता येत नाहीत.

चूक सापडली की तिला अंदाज म्हणणं

वरच्यापैकी काही तुमच्याच जुन्या हिशेबात सापडलं, तर सगळ्यात मोठा मोह इथे उभा राहतो: "अंदाज बदलला" म्हणायचं आणि परिणाम चालू वर्षात जिरवायचा. एक प्रश्न विचारा. त्या वेळचे हिशेब मंजूर झाले तेव्हा ही माहिती उपलब्ध होती का, आणि ती मिळवून वापरणं अपेक्षित होतं का? दोन्हींचं उत्तर हो असेल, तर ती मागच्या काळातली चूक आहे. संस्थापकाचा नोकरी करार त्या दिवशी कपाटात होता, कुणी उघडला नाही. त्याला अंदाज म्हणता येत नाही. यंत्र दहा वर्षं टिकेल वाटलं होतं आणि नव्या वापरामुळे सातच टिकेल असं आज दिसतं, हा अंदाजातला बदल. त्याचा परिणाम आज आणि पुढे.

चूक महत्त्वाची असेल तर मागच्या वर्षाचे आकडे सुधारून दाखवावे लागतात, आणि त्या वर्षाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरही मोठा परिणाम होत असेल तर त्या सुरुवातीच्या तारखेचा तिसरा ताळेबंदही द्यावा लागतो. टिपेत चुकीचं स्वरूप आणि प्रत्येक ओळीवरचा परिणाम लिहायचा. ही टीप लिहायला जड जाते हे मला माहीत आहे. तिचा मसुदा तुम्हीच लिहा आणि लेखापरीक्षकाने विचारण्याआधी त्याच्यापुढे ठेवा.