जुना गुन्हा पोलिसांच्या रेकॉर्डवर अजून दिसतोय? या चुका टाळा

‘कोर्टातून सुटलो, विषय संपला’ ही समजूत सगळ्यात महागात पडते. गुन्हा दाखल होताच नाव सीसीटीएनएसमध्ये, म्हणजे देशभरातल्या पोलीस ठाण्यांना जोडणाऱ्या संगणकीय नोंदीत चढतं. निकाल तितक्याच तत्परतेने चढेल याची खात्री नाही. मग सण किंवा निवडणूक आली की जुन्या याद्या निघतात आणि निर्दोष सुटलेल्या माणसालाही उचललं जातं. पारधी वस्त्यांनी हे पिढ्यानपिढ्या सोसलंय. अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, पण संशय गेला नाही. निव्वळ मागास घरातला म्हणून निरपराध माणसाचं नाव हिस्ट्रीशीटमध्ये (पोलिसांच्या सराईत गुन्हेगारांच्या नोंदीत) चढवू नका, हे सुप्रीम कोर्टाला मे २०२४ मध्येही सांगावं लागलं.

सर्वाधिक घोळ वॉरंटचा. तारीख चुकली म्हणून निघालेलं वॉरंट पुढच्या तारखेला हजर राहिलात म्हणून आपोआप रद्द होत नाही. ते काढणाऱ्या कोर्टानेच रद्द करावं लागतं. तसा आदेश रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) लिहिला गेलाय का, हे त्याच दिवशी पाहा. ‘वकीलसाहेब बघतील’ म्हणून घरी जाऊ नका. प्रमाणित नक्कल काढा, एक प्रत पोलीस ठाण्यात देऊन आवक शिक्का असलेली पोच घ्या आणि तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

चूक नंतर उघड झाली तरी नुकसान भरून निघेलच असं नाही. अमेरिकेत अलाबामामध्ये २००४ साली एकाला पाच महिन्यांपूर्वीच मागे घेतलेल्या वॉरंटवर पकडलं. चूक काही मिनिटांत कळली, पण तोवर झडती झाली होती. त्यात सापडलेला पुरावा तिथल्या सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ग्राह्य धरला.

पोलीस दारात आले तर पळू नका, झटापट नको. वॉरंट दाखवायला सांगा. वडिलांचं नाव, वय, पत्ता, केस नंबर जुळवा. नामसाधर्म्यावर माणसं आत गेली आहेत. वॉरंट नसेल तर अटकेचं कारण विचारा. ते सांगणं बंधनकारक आहे. प्रतिबंधक अटक, म्हणजे गुन्हा होण्याआधीच तो रोखण्यासाठीची अटक असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७० नीट वाचा: दखलपात्र (वॉरंटशिवाय अटक करता येते अशा) गुन्ह्याचा बेत पोलिसांना कळलेला असावा आणि अटकेशिवाय तो रोखता येण्यासारखा नसावा. जुनी नोंद म्हणजे आजचा बेत नव्हे.

बोटांचे ठसे अनेकजण विसरतात. २०२२ च्या कायद्याने ते ७५ वर्षं ठेवता येतात. मात्र आधी शिक्षा झालेली नसेल आणि अपिलाचे मार्ग संपून सुटका कायम झाली असेल, तर कोर्टाने कारण नोंदवून वेगळा आदेश दिल्याखेरीज ते नष्ट करावेच लागतात. निकालाची नक्कल जोडून तसा लेखी अर्ज करा.