बँकेतल्या बचतीची जकात: हिशेब करताना या चुका टाळा

रमजान जवळ आला की सांगली-मिरजेत आणि साताऱ्यात मुसलमानांच्या घरोघरी जकातीचा, म्हणजे बचतीतून दरवर्षी गरिबांना द्यायच्या हिश्श्याचा, हिशेब सुरू होतो. अडीच टक्के द्यायचे, हे सगळ्यांना पाठ असतं. घोळ होतो तो अडीच टक्के नेमके कशावर काढायचे, इथे. जकात हा गरिबाचा हक्क आहे. हिशेब कमी निघाला तर तो हक्क आपल्याच खात्यात पडून राहतो, म्हणून जरा कसून बघायला हवं.

हनफी आणि शाफई या इस्लामी धर्मशास्त्राच्या दोन परंपरा. खालचा हिशेब हनफी पद्धतीचा आहे, कारण आपल्या भागात बहुतेक घरं हनफी आहेत. कोकणातून घाटावर आलेली अनेक घरं शाफई आहेत. त्यांच्यासाठी जिथे फरक पडतो, तिथे तो सांगितला आहे.

तोळा दहा ग्रॅमचा धरणं

निसाब म्हणजे जकात लागू व्हायला लागणारी किमान मालमत्ता: साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी. हा तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा. म्हणजे सोनं ८७.४८ ग्रॅम आणि चांदी ६१२.३६ ग्रॅम. सराफाकडे आज तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम. त्यामुळे लोक ७५ ग्रॅम आणि ५२५ ग्रॅम धरून बसतात. सराफाला तोळ्याचा भाव विचारू नका, ग्रॅमचा विचारा आणि ६१२.३६ ने गुणा. समजा चांदी ग्रॅमला १०० रुपये असेल, तर निसाब ६१,२३६ रुपये. खरा भाव मात्र ज्या दिवशी हिशेब कराल त्या दिवशीचाच घ्या, गेल्या रमजानचा आकडा चालत नाही.

‘सोनं साडेसात तोळे नाही, म्हणजे जकात नाही’

सगळ्यात जास्त जकात इथे बुडते. सोन्याचा निसाब एकटा लागू होतो तो फक्त सोनंच असेल, सोबत चांदी, रोकड, बँकेत शिल्लक यातलं काहीच नसेल तेव्हा. अशी माणसं आता फार थोडी. खात्यात बारा हजार आणि अंगावर दोन तोळे सोनं असेल, तर दोन्हींची किंमत एकत्र करून ती चांदीच्या निसाबाशी ताडायची. बहुतेक वेळा ती निसाबाच्या वरच जाते. दागिन्याची किंमत धरताना मजुरी सोडून द्या, आज मोडला तर सोन्याचे जेवढे येतील तेवढेच धरा. शाफई मतानुसार बाईच्या नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही.

दागिना बायकोचा असेल तर जकातही तिचीच. नवऱ्याने तिच्या वतीने भरली तरी चालते, पण तिला सांगून.

३१ मार्चला हिशेब करणं

इन्कम टॅक्सच्या कागदांबरोबर जकातही उरकून टाकायची सवय अनेकांना आहे. जकातीचं वर्ष चांद्र असतं, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. इंग्रजी तारखेने चाललात तर दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे पडता, आणि साधारण ३३ वर्षांत एक अख्खी जकात राहून जाते. हिजरी, म्हणजे इस्लामी चांद्र पंचांगाची, तारीख धरणं हा सरळ मार्ग. ज्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा निसाबाएवढ्या मालाचे धनी झालात, तीच तुमची तारीख. आठवत नसेल तर नीट विचार करून एक तारीख ठरवा, १ रमजान ठरवली तरी हरकत नाही, पण दरवर्षी तीच ठेवा. धंद्याची वही मार्चलाच बंद होत असेल आणि दुसरा उपायच नसेल, तर दर २.५ ऐवजी २.५७७ टक्के लावा. चार लाखांवर दहा हजारांऐवजी १०,३०८ रुपये होतील.

प्रत्येक जमा रकमेला वेगळं वर्ष लावणं

‘हे पैसे तर गेल्याच महिन्यात आले, यांना कुठे वर्ष झालं?’ असं पगाराबद्दल म्हणतात, ऊसबिलाबद्दलही म्हणतात. हनफी पद्धतीत निसाब असलेल्या माणसाकडे वर्षात जे पैसे येतात ते आधीच्या पैशांत मिसळतात. तुमच्या तारखेला खात्यात जी शिल्लक आहे, त्या सगळ्यावर जकात. आदल्या दिवशी कारखान्याचं बिल जमा झालं असेल तरी तेही त्यात आलं. उलट, मध्ये मुलीच्या फीला पैसे गेले आणि खातं पाच हजारांवर आलं म्हणून वर्ष तुटत नाही. सुरुवातीला आणि शेवटी निसाब असला आणि मध्ये सगळंच संपलं नाही, की पुरे. सरासरी शिल्लक काढायची गरज नाही. शाफईंमध्ये हे वेगळं आहे: निसाब वर्षभर टिकावा लागतो आणि नव्या रकमेचं वर्ष तिच्यापासून सुरू होतं. महिन्या-महिन्याचं गणित सांभाळणं जमत नाही म्हणून अनेक शाफई घरं सगळ्यांची एकत्रच देऊन टाकतात. तसं आगाऊ दिलेलं चालतं.

‘एफडी मोडता येत नाही’

एफडी, आरडी, पोस्टातली ठेव, पीपीएफ: पैसे तुमचेच आहेत, तुम्ही स्वतःहून ठेवले आहेत, तेव्हा दरवर्षी मुद्दलावर जकात. लग्नासाठी, घरासाठी, हजसाठी बाजूला काढलेले पैसेही तसेच. हेतू कितीही चांगला असो, तारखेला पैसे खात्यात आहेत तर ते हिशेबात येतात. पगारातून सक्तीने कापला जाणारा पीएफ मात्र हातात येईपर्यंत धरायचा नाही, असंच मत आपल्याकडच्या बहुतेक हनफी मुफ्तींनी (धर्मशास्त्राचा निर्णय सांगणाऱ्या जाणकारांनी) दिलं आहे. स्वतःहून जादा कापून घेत असाल तर तेवढ्यापुरतं मुफ्तींना विचारा.

अवसायनात गेलेल्या पतसंस्थेत अडकलेल्या ठेवीचा प्रश्न आपल्या जिल्ह्यांत नवा नाही. सहकारी बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो नाही. परत मिळण्याची आशाच उरली नसेल, तर त्या रकमेवर आज जकात देऊ नका, हातात येईल तेव्हापासून धरा. वसुली सुरू आहे, हप्त्याहप्त्याने पैसे येताहेत, तर मुद्दा वेगळा होतो. कागद घेऊन मुफ्तींकडे जा.

भिशी विसरणं

महिना पाच हजारांची, वीस जणांची भिशी घ्या. आठ हप्ते भरले आणि अजून नंबर लागला नाही, तर तुमचे ४०,००० इतरांकडे येणे आहेत, ते मिळवा. तिसऱ्याच महिन्यात लाख उचलले असतील, तर आठव्या महिन्यानंतर उरलेले बारा हप्ते, म्हणजे ६०,०००, तुमचं देणं आहे, ते वजा करा. आणि भिशी तुम्हीच चालवत असाल, तर खात्यात जमलेले लोकांचे पैसे तुमचे नाहीत. मशीद कमिटीचे किंवा भावाने ठेवायला दिलेले पैसेही तसेच बाजूला काढा.

व्याजातून जकात देणं

पासबुक उघडा आणि दर तिमाहीला (काही बँकांत सहामाहीला) जमा झालेलं व्याज अधोरेखित करा. व्याज हराम, म्हणून त्या रकमेवर जकात नाही आणि त्यातून जकात फिटतही नाही. ती सगळीच्या सगळी, सवाबाची (पुण्याची) नियत, म्हणजे हेतू, न धरता, गरजूला देऊन मोकळं व्हायचं. एफडी आपोआप नूतनीकरणावर असेल तर व्याज मुद्दलात मिसळतं आणि दोन-तीन वर्षांनी कुठलं काय ते कळत नाही. म्हणून पहिल्या पावतीवरचा आकडा लिहून ठेवा. व्याज नकोच असेल तर चालू खातं उघडा. त्यावर व्याज मिळत नाही, फक्त किमान शिल्लक जास्त ठेवावी लागते.

आता एक पूर्ण हिशेब. बचत खात्यात १,४०,०००, त्यात व्याज ३,२००, म्हणजे १,३६,८००. एफडीचं मुद्दल २,००,०००. भिशीचे येणे ४०,०००. बेरीज ३,७६,८००. दुकानदाराची उधारी आणि दवाखान्याचं बिल मिळून १५,००० वजा. राहिले ३,६१,८००. चाळीसने भागा: जकात ९,०४५ रुपये.

घराचं अख्खं कर्ज वजा करणं

वीस वर्षांचं पंचवीस लाखांचं कर्ज वजा केलं तर जकात कधीच लागणार नाही. आजच्या अनेक मुफ्तींच्या मते देय झालेला हप्ता तेवढा वजा करावा. शाफई मतात कर्ज वजा होतच नाही.

मुलांच्या नावची खाती: हनफी मतानुसार नाबालिगाच्या (वयात न आलेल्या मुलाच्या) पैशावर जकात नाही, शाफई मतानुसार आहे आणि ती पालकाने भरायची. पण पैसे तुमचे आणि फक्त नाव मुलाचं असेल, तर जकात तुमच्यावरच.

पैसे गेले, जकात गेली नाही

हिशेब बरोबर असूनही जकात अदा होत नाही, अशी काही ठिकाणं आहेत. आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं, नवरा-बायको यांना जकात देता येत नाही. गरीब भाऊ, बहीण, मावशी, काका यांना चालते, आणि आधी त्यांच्याकडेच बघावं. सय्यद, म्हणजे पैगंबरांच्या वंशातल्या, घराण्याला देता येत नाही. मशिदीचा स्लॅब, कबरस्तानची भिंत यासाठी सदका (ऐच्छिक दान) द्या, जकात नाही, कारण ती एका हकदार माणसाच्या मालकीची व्हावी लागते. कामवालीचा पगार किंवा बोनस जकातीतून कापू नका. उसने दिलेले पैसे ‘माफ केले, जकातीत धरले’ म्हटल्याने फिटत नाही. आधी जकात त्या कर्जदाराच्या हातात द्या, मग त्याने आपणहून कर्ज फेडलं तर घ्या.

यूपीआयने पाठवताना नियत मनात असू द्या, पाठवल्यावर समोरच्याला मिळाल्याची खात्री करा. पैसे कापले गेले आणि दोन दिवसांनी परत आले, तर जकात बाकीच आहे. संस्थेकडे दिली असेल तर ती गरिबापर्यंत पोचली का, हे विचारणं तुमचा हक्क आहे.

मागच्या वर्षांची राहिली असेल तर

बँकेकडून जुनं स्टेटमेंट मागवा आणि दर वर्षाच्या तुमच्या तारखेची शिल्लक काढा. समजा तीन वर्षं दोन लाख तसेच पडून होते. पहिल्या वर्षाची जकात ५,०००. ती देणं म्हणून वजा, दुसऱ्या वर्षी १,९५,००० वर ४,८७५. तिसऱ्या वर्षी १,९०,१२५ वर ४,७५३.१२, म्हणजे ४,७५४ धरा. एकूण १४,६२९. एकदम जमत नसेल तर हप्त्याने द्या, पण किती दिले आणि किती राहिले ते वहीत लिहा आणि घरात कुणाला तरी सांगून ठेवा.