लिनक्स कर्नलला पहिला पॅच पाठवताय? आधी फॉरमॅट बघा

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि पॅच म्हणजे त्याच्या कोडमध्ये सुचवलेला बदल. हे बदल तपासले जातात ते ईमेलवर. नवख्यांचे पॅच पुष्कळदा कोड वाचण्याआधीच, निव्वळ फॉरमॅटवरून परत येतात.

पॅच मेलच्या मजकुरातच हवा, तोही साध्या टेक्स्टमध्ये. अटॅचमेंट, एचटीएमएल, झिप काही नको. तपासणारा उत्तर देताना तुमच्या ओळी तशाच ठेवून नेमक्या ओळीखाली शेरा लिहितो; अटॅचमेंटमधल्या ओळीवर असं बोट ठेवता येत नाही. डिफ (जुन्या-नव्या फाइलमधला फरक) युनिफाइड हवा, म्हणजे काढलेल्या आणि घातलेल्या ओळी एकाच तुकड्यात आणि वर-खाली तीन-तीन ओळींचा संदर्भ. तो गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या ‘गिट फॉरमॅट-पॅच’ कमांडनेच काढा, म्हणजे लेखकाचं नाव, विषय आणि वर्णन आपोआप जागेवर बसतं.

खरी मेख मेल प्रोग्रॅममध्ये असते. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर अशी ओळ असते: @@ -४०,७ +४०,९ @@. म्हणजे जुन्या फाइलमधल्या ४०व्या ओळीपासून ७ ओळी, नव्या फाइलमध्ये त्यांच्या जागी ९. खालच्या प्रत्येक ओळीची सुरुवात वजा, अधिक किंवा स्पेसनेच व्हायला हवी. मेल प्रोग्रॅमने एखादी लांब ओळ मध्येच मोडली, की उरलेल्या शेपटाला यातलं कुठलंच चिन्ह नसतं आणि गिट ‘करप्ट पॅच’ म्हणून हात वर करतं. टॅबच्या स्पेस झाल्या तर आणखी पंचाईत. पॅच दिसतो अगदी धडधाकट, पण संदर्भाच्या ओळी मूळ फाइलशी जुळत नाहीत, त्यामुळे तो लागतच नाही. कर्नलमधलं इंडेंटेशन (ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा) टॅबचं असल्याने हा फटका हमखास बसतो. तेव्हा कॉपी-पेस्टच्या नादी लागू नका, ‘गिट सेंड-ईमेल’ वापरा.

वर्णनाच्या ओळी ७५ रकान्यांत बसवा, शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ लिहा, म्हणजे हा पॅच देण्याचा हक्क आपल्याला असल्याची तुमच्या नावाची ग्वाही. त्याखाली तीन डॅशची ओळ येते. तिच्या खालची टिपणं पॅच लावताना गळून पडतात, इतिहासात जात नाहीत. ‘व्ही२’मध्ये, म्हणजे पॅचच्या दुसऱ्या आवृत्तीत, काय बदललं हे सांगायची जागा सहसा तीच. जुनी चूक दुरुस्त करत असाल तर ‘फिक्सेस’ ओळीत ती चूक आणणाऱ्या कमिटच्या (गिटमध्ये नोंदलेल्या बदलाच्या) हॅशची, म्हणजे ओळखखुणेची, किमान पहिली १२ अक्षरं द्या.

कोड एका फाइलमधून दुसरीकडे हलवायचा असेल तर हलवणं एका पॅचमध्ये आणि त्यातली सुधारणा पुढच्या पॅचमध्ये. दोन्ही एकत्र केलं की शेकडो हललेल्या ओळींत बदललेल्या दोन ओळी हुडकत बसावं लागतं, आणि तेवढा वेळ कुणाकडे नसतो. फाइलचं फक्त नाव बदललं असेल तर ‘फॉरमॅट-पॅच’ला कॅपिटल एमचा पर्याय द्या; अख्खी फाइल पुसून पुन्हा लिहिल्यासारखी दिसत नाही.

पाठवण्याआधी ‘चेकपॅच’ ही पॅचची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट चालवा, कुणाला पाठवायचं ते ‘गेट-मेंटेनर’ स्क्रिप्टला विचारा. मग तो मेल आधी स्वतःलाच पाठवा, आलेला मेल जसाच्या तसा सेव्ह करा आणि कोडच्या ताज्या शाखेवर ‘गिट एएम’ या मेलमधला पॅच लावणाऱ्या कमांडने लावून बघा.