क्लोज्ड-लूप एक्स्ट्रॅक्शन: नुसत्या शिक्क्यावर विसंबू नका, या चुका टाळा

अमेरिकेत कोलोरॅडोत 1 जानेवारी 2014ला गांजाची खुली कायदेशीर विक्री सुरू झाली. ब्युटेन वायूने गांजाचा अर्क काढणाऱ्या खोल्यांसाठीचे स्वतंत्र नियम मात्र मागून आले: आग-सुरक्षेच्या दोन नियमावल्यांच्या 2018च्या आवृत्तीत, एनएफपीए 1 मध्ये 38वं आणि इंटरनॅशनल फायर कोडमध्ये 39वं प्रकरण. क्लोज्ड-लूप म्हणजे ब्युटेन हवेत न सोडता बंद भांड्यांतून फिरवून परत जमा करणारी यंत्रणा. अशा परवानाधारक खोल्या तपासणं हे माझं काम. अडतात बहुतेक जण त्याच त्या ठिकाणी.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे भांड्यावर एएसएमईचा (अमेरिकी यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेचा) दाबाच्या भांड्यांसाठीचा 'यू' शिक्का आहे, म्हणजे यंत्रणा पास. तो शिक्का त्या एका भांड्यापुरता असतो. पूर्ण यंत्रणेला यूएल 1389 (वनस्पतींचा अर्क काढणाऱ्या यंत्रांचं सुरक्षा मानक) प्रमाणे लिस्टिंग, म्हणजे चाचणी-संस्थेची मान्यता हवी, नाहीतर नोंदणीकृत इंजिनिअरचा तांत्रिक अहवाल हवा. यंत्रणा बसवून झाल्यावर, अहवालात लिहिलंय तेच जागेवर उभं आहे का, हेही पाहिलं जातं. कॅलिफोर्नियात तर यंत्रणेवर कायमचा, डोळ्यांना दिसेल असा सिरियल नंबरही लागतो. भारतातून आलेल्या प्रेशर व्हेसलवाल्यांना (दाबाची भांडी बनवणाऱ्यांना) नागपूरच्या पेसो या सरकारी संस्थेच्या मंजुरीची सवय असते, पण ती मंजुरी इथल्या फायर मार्शलपुढे (आग-सुरक्षा अधिकाऱ्यापुढे) चालत नाही.

अहवाल आणि जागा यांत फरक कसा पडतो ते सांगतो. एका ठिकाणी कागदोपत्री सगळे क्लॅम्प (जोड आवळणारी कडी) दोन बोल्टचे, जास्त दाबाचे होते. मी वाकून कॉलमच्या (माल भरायच्या उभ्या नळीच्या) तळाशी पाहिलं, तर तिथे एका बिजागरीचा, विंग नट हाताने आवळायचा क्लॅम्प. जोडातल्या गॅस्केटची (गळती रोखणाऱ्या चकतीची) कड एका बाजूने फुगून बाहेर आली होती. मूळ क्लॅम्प हरवला, म्हणून हाताला लागला तो बसवला, इतकंच. क्लॅम्प एकाच जातीचा असला तरी व्यास वाढला की त्याची दाब सोसण्याची मर्यादा घटते, आणि पूर्ण यंत्रणेची मर्यादा ठरते ती सगळ्यात कमी दाब सोसणाऱ्या भागावरून. त्याच खोलीत रोज तीन माणसं काम करत होती. मी काम तिथल्या तिथे थांबवायला लावलं.

सॉल्व्हंट (ज्यात अर्क विरघळतो तो वायू) बदलणंही असंच अंगाशी येतं. 21 अंश सेल्सिअसला ब्युटेनचा दाब गेजवर साधारण 17 पीएसआय (दाबाचं एकक) भरतो, प्रोपेनचा सुमारे 110. ब्युटेनसाठी तपासलेल्या यंत्रणेत प्रोपेन मिसळायचं असेल तर नवा अहवाल करून घ्या. वापरलेला वायू परत ओढणाऱ्या रिकव्हरी पंपाचंही तेच. एसीचा गॅस ओढणारा पंप ज्वलनशील वायूसाठी मान्य असेलच असं नाही, म्हणून त्याची पाटी वाचा.

दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये द्रव अडकून राहिला आणि खोली तापली, तर पाइप फुटू शकतो. त्या तुकड्यालाही रिलीफ व्हॉल्व्ह (दाब वाढला की आपोआप उघडणारा) लागतो. भांडं आणि त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह यांच्यामध्ये मात्र बंद करता येणारा व्हॉल्व्ह नको, आणि रिलीफमधून सुटलेला वायू इमारतीबाहेर सुरक्षित जागी गेला पाहिजे.

गॅस डिटेक्टर छताला लावलेला दिसला की मला धडकी भरते. ब्युटेनची वाफ हवेच्या दुप्पट जड, ती जमिनीलगत साचते. हवेत सुमारे 1.8 टक्के झाली की ठिणगीसरशी पेटते. त्या मर्यादेच्या 25 टक्क्यांवर, म्हणजे हवेत जेमतेम 0.45 टक्के ब्युटेन असताना, अलार्म वाजायला हवा. यंत्राची वीज तुटली पाहिजे, पंखा मात्र चालूच राहिला पाहिजे. कॅटॅलिटिक प्रकारचा (वायू जाळून मोजणारा) सेन्सर असेल तर जवळपास सिलिकॉन स्प्रे मारू नका. तो सेन्सर मुका होतो आणि डिस्प्लेवर शून्यच दिसत राहतं. ठरावीक प्रमाणाचा चाचणी-वायू सोडून तो बोलतोय ना, ते नियमित पाहा आणि तारखेसह नोंदवा.

तपासणीच्या आठवडाभर आधी अहवालाची प्रत हातात घ्या आणि तळापासून वर एकेक क्लॅम्प, गेज आणि होज त्याच्याशी ताडून बघा. अहवालात नसलेली वस्तू दिसली तर ती काढून ठेवा. ती लागणारच असेल, तर ज्या इंजिनिअरने सही केली त्यालाच फोन करा.