आटे गेले म्हणून पार्ट फेकू नका

आरसी (रिमोटवरची) गाडी असो की जुनं रेल्वे मॉडेल, चार-पाच वेळा खोललं की स्क्रूचे आटे जातातच, जास्त करून अ‍ॅल्युमिनियममध्ये, कारण स्टीलचा स्क्रू तो मऊ धातू खाऊन टाकतो. मग लोक एकतर ग्लू ओततात नाहीतर अख्खा पार्ट मागवतात, खरं तर दोन-तीन टॅप (भोकात आटे पाडायची हत्यारं) आणि एक छोटं हँडल असलं की काम घरीच होतं.

एम३ चं (३ मिमी जाडीच्या स्क्रूचं) भोक गेलं असेल तर ३.३ मिमी ड्रिलने मोठं करून एम४ चा टॅप फिरवा, पण आधी बाजूला धातू किती उरतो ते बघा. नवीन एम३ साठी २.५ चं ड्रिल, एम२ साठी १.६. टॅप सरळ धरायचा, थेंबभर तेल, अर्धा फेरा पुढे की पाव मागे, मागे फिरवताना बोटाला हलकीशी 'कट' जाणवते तेव्हा चुरा तुटलेला असतो. जड लागलं की थांबा. माझा एम२ टॅप घाईत चेसिसमध्येच मोडला, तो कडक स्टीलचा, ड्रिलने निघतच नाही.

डाय, म्हणजे दांड्यावर बाहेरून आटे पाडायचं हत्यार, कशाला? अ‍ॅक्सलच्या टोकाचे आटे चेपले आणि नट चढेना, की एक हात डाय फिरवा.

आणि जुन्या मेकॅनोला (नट-बोल्टने जोडायच्या धातूच्या पट्ट्यांचं खेळणं) एम४ लावू नका हां, तिथे ५/३२ इंच व्हिटवर्थ (जुना ब्रिटिश इंची आटा) असतो, जाडी जवळपास सारखी पण आट्यांमधलं अंतर वेगळं, दोन फेऱ्यांत जाम.