श्रम मंत्रालयात रुजू झालात? आधी कुणाच्या तरी ओसरीवर बसा

इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसची परीक्षा झाली, दिल्लीचं प्रशिक्षण झालं, आता टेबलावर बेरोजगारीचे तक्ते येतील. त्यांना हात लावण्याआधी वरिष्ठांकडे चार दिवस मागून घ्या आणि पीएलएफएसच्या, म्हणजे रोजगार-बेरोजगारी मोजणाऱ्या सरकारी सर्वेक्षणाच्या, सर्वेक्षकासोबत गावात जा. कुणी आपणहून पाठवत नाही, मागावंच लागतं.

मी विदर्भातल्या एका खेड्यात गेले होते. ओसरीवरच्या बाईंना विचारलं, काय काम करता?

"काईच नाई. घरीच रायतो."

सर्वेक्षक कोड ९२ टाकणार होता, म्हणजे फक्त घरकाम. तेवढ्यात गोठ्यात म्हैस हंबरली. धार कोण काढतं? "मीच. दोन्ही टाइम." आणि निंदण? "जातो ना आमच्याच वावरात. त्याची का मजुरी भेटते?"

घरच्या शेतीत बिनमजुरीची मदत म्हणजे कोड २१, म्हणजे ती कामकरी. दूध घरीच संपलं तरी ते उत्पादन धरतात; सरपण गोळा करणं मात्र कामात मोजत नाहीत, त्याला कोड ९३, म्हणजे घरकाम आणि सोबत अशी गोळाबेरीज. म्हणून "काम करता का?" एवढ्यावर थांबू नका. काल सकाळपासून काय काय केलं, ते विचारा. मग वर्षातले दिवस मोजा: मुख्य स्थिती, म्हणजे वर्षातला जास्त काळ ज्यात गेला ते, घरकामाची निघाली, तरी असं काम ३० दिवस भरलं की दुय्यम स्थितीत ती कामकरी ठरते. साप्ताहिक स्थितीत तर मागच्या सात दिवसांत एक तास काम पुरतं. स्त्रियांचा श्रमसहभाग वाढला की घटला, यावर टिपणी लिहिताना मला आजही आधी ती म्हैस आठवते, आणि प्रश्न कसा विचारला होता ते मी तपासते.

ऑफिसातल्या दोनच गोष्टी सांगते. युनिट डेटावर, म्हणजे एकेका घराच्या-माणसाच्या कच्च्या नोंदींवर, मल्टिप्लायर (ती नोंद किती लोकांच्या वतीने आहे तो आकडा) न लावता टक्केवारी काढू नका. आणि औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचं आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाचा आकडा १०० धरतात ते, बघा. सप्टेंबर २०२० पासून २०१६ = १०० अशी मालिका आहे; २००१ च्या जुन्या मालिकेशी जोडताना नवा आकडा २.८८ ने गुणायचा. तसं न करता आलेख काढला, तर तीनशेपार गेलेला निर्देशांक एका महिन्यात सव्वाशेच्या आत कोसळलेला दिसतो. महागाई भत्ता याच आकड्यावर ठरतो, तेव्हा फाइल वर पाठवण्याआधी गुणाकार हाताने एकदा करून बघा.

गावात जाताना वही न्या. कोड नंतर टाका, आधी बाईंचं वाक्य जसंच्या तसं उतरवा.